लव्हेलच्या पिंपाची साक्ष

मी एक जुनं लोखंडी पिंप आहे, मित्रांनो, आणि मी खोटी साक्ष दिलेली आहे. कुणाच्या विरुद्ध, हे ऐकलंत तर तुम्हीही म्हणाल की असलं पिंप भंगारात गेलेलं बरं. ज्याने मला बारा वर्षं घासलं, पुसलं, तेलपाणी केलं, त्याच्याच विरुद्ध. हे आधीच सांगून टाकतो. आधी माझं कौतुक करून घ्यायचं आणि शेवटी हळूच ही गोष्ट काढायची, ते मला जमायचं नाही.

आमचं गाव हॅडली बेंड, मिसिसिपी नदीच्या वळणावर. नदीतून येणाऱ्या बोटींवर माझ्यातून काकवी यायची. काकवी संपली, मी रिकामा झालो, आणि बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात एका कोपऱ्यात पडून राहिलो. तिथे क्लीओफस नावाचा वेल्डर होता. वस्तीतले सगळेच त्याला क्लीओफसमामा म्हणायचे, पण खरा मामा तो एकाचाच होता, लव्हेलचा. लव्हेलची आई अर्नेस्टीन ही क्लीओफसची थोरली बहीण. चर्चच्या गायकवृंदात ती चाळीस वर्षं गात आली आहे आणि गावात तिला कुणी नुसतं नावाने हाक मारत नाही. लहानमोठे सगळे तिला मिस अर्नेस्टीन म्हणतात.

क्लीओफसने मला घरी नेलं, आडवं पाडलं आणि लांबीत चिरलं. खालच्या अर्ध्या भागात निखारे आणि जाळी, वरच्या अर्ध्याचं झाकण. चार पाय लावले, एका अंगाला धुराडं बसवलं. आमच्याकडे अशा पिंपात मांस आठ-आठ तास धुरावर शिजवतात. काम सुबक होतं, मी खोटं का बोलू? फक्त एक गोष्ट राहिली. झाकणाच्या बिजागऱ्या त्याने कुठल्यातरी जुन्या फाटकाच्या काढून आणल्या होत्या आणि मागे अडकण काही ठेवलं नव्हतं. त्यामुळे झाकण हाताने उचलून धरलं तरच उघडं राहायचं. हात काढला की धाडकन खाली. पहिल्याच दिवशी खुद्द क्लीओफसची बोटं त्यात सापडली.

"आई गं! मेलो, मेलो!" करत तो अंगणभर नाचला.

अर्नेस्टीन पायरीवर वाटाणे सोलत बसली होती. ती म्हणाली, "पिंप केलंस की उंदराचा सापळा?"

"हसू नकोस गं. पुढच्या आठवड्यात मागे वजन लावतो. मग बघ कसं उभं राहतं ते."

तो पुढचा आठवडा यायला चौदा वर्षं लागली.

पहिली दोन वर्षं क्लीओफसने मला वापरलं, मग त्याची कंबर धरली आणि मी लव्हेलकडे आलो. लव्हेल तेव्हा बावीस वर्षांचा होता. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचं काम करायचा. हातपाय लांब, बोलणं कमी, आणि गाणं मात्र तोंडात कायम. चर्चच्या शेजारच्या मोकळ्या जागेत, पिकानच्या झाडाखाली त्याने मला कायमचं उभं केलं. दर शनिवारी सकाळी हिकरीची लाकडं पेटायची आणि दुपारपर्यंत अख्ख्या वस्तीला भूक लागायची. बारशाचं जेवण असो, लग्नाचं असो की दफनानंतरचं असो, मीच लागायचो. बरगड्या, खांद्याचं मांस, कोंबड्या, सगळं माझ्यावर व्हायचं. मित्रांनो, मला फार मान होता. एकदा शेजारच्या गावाहून नवंकोरं चकचकीत यंत्र आणलं होतं कुणीतरी, तर त्यावरचं मांस कुत्र्यालाही गेलं नाही.

लव्हेलची काम करायची पद्धत झाकणामुळेच ठरली होती. डाव्या हाताने झाकण उचलून धरायचं आणि उजव्या हातातल्या लांब चिमट्याने मांस उलटायचं. पंधरा पंधरा मिनिटं तो डावा हात तसाच वर असायचा. बारा वर्षांत त्याचा डावा दंड उजव्यापेक्षा चांगलाच जाड झाला. अर्नेस्टीन त्याच्या प्रत्येक नव्या शर्टाची डावी बाही उसवून सैल करायची आणि करताना भावाला शिव्या घालायची.

"मामा, वजन कधी लावतोस?" लव्हेल विचारायचा.

"तुझं लग्न ठरू दे. आहेर म्हणून लावतो."

"म्हणजे दोन्ही राहिलंच!"

हे बोलणं महिन्यातून एकदा तरी व्हायचं. आता कुणीच करत नाही.

आता कॅप्टनबद्दल सांगतो. वेंडेल बर्चेट त्याचं नाव. आमच्याच वस्तीतला, आमच्यासारखाच काळा, आणि सव्वीस वर्षं पोलिसात. त्याची आई आणि मिस अर्नेस्टीन एकाच रांगेत उभ्या राहून गायच्या. रविवारी तो चर्चच्या दाराशी पांढरे हातमोजे घालून लोकांना जागा दाखवायचा आणि शनिवारी वर्दीतच माझ्यापाशी यायचा. त्याला मांसाची करपलेली, कुरकुरीत टोकं आवडायची. लव्हेल ती त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. एकदा लव्हेलची पाठ वळलेली बघून कॅप्टनने स्वतःच झाकण उचललं आणि दुसऱ्या हाताने एक टोक ओढायला गेला. मांसाने हात भाजला, झाकणाचा हात सुटला आणि मी त्याची बोटं पकडली. अंगठ्याशेजारच्या बोटाचं नख काळं पडून गळून गेलं. नवं आलं ते वाकडं. "आजवर पोलिसाने दारूची पिंपं पकडली, आज पिंपाने पोलीस पकडला," म्हणून क्लीओफस महिनाभर सांगत फिरत होता. कॅप्टनही हसायचा. मलाही तो आपला वाटायचा. ही चूक माझी एकट्याची नव्हती, सगळ्या वस्तीची होती.

पुढे आमच्या रस्त्यापलीकडची जुनी घरं पाडून नवी उभी राहिली. नवी माणसं राहायला आली. त्यांना धूर आवडेना. दोनदा त्यांनी तक्रार केली तेव्हा आगीचा बंब आला. बंबवाल्यांनी वास घेतला, दोन बरगड्या खाल्ल्या आणि शिट्टी वाजवत गेले. तिसऱ्या वेळी कुणीतरी थेट पोलिसांना फोन केला. मोकळ्या जागेत एक माणूस हातात काहीतरी लोखंडी घेऊन काहीतरी जाळतोय, असं फोनवर सांगितलं. माणूस काळा आहे हेही सांगितलं. मांस शिजतंय हे तेवढं सांगायचं राहिलं.

मे महिन्यातला शनिवार होता. गायकवृंदाला पन्नास वर्षं झाली म्हणून सगळ्या चर्चचं जेवण होतं. दुपारचे दोन वाजले असतील. लव्हेलने झाकण उचलून धरलं होतं आणि तो खांद्याचं मांस उलटत होता. माझी पाठ गल्लीकडे. गल्लीतून एक शिपाई आला, केलर नावाचा, नोकरीला लागून सहा महिने झालेला. त्याच्या बाजूने त्याला काय दिसलं असेल? उभं झाकण, त्याच्या वर लव्हेलचं डोकं आणि चिमटा धरलेला हात.

"टाक ते! खाली टाक!" तो ओरडला.

मित्रांनो, आमच्याकडे मुलगा जरा उंच झाला की त्याला एक धडा देतात. पोलीस समोर आला तर दोन्ही हात दिसतील असे ठेव. एकदम हलू नकोस. जे करणार आहेस ते आधी तोंडाने सांग, मग कर. 'साहेब' म्हण. अर्नेस्टीनने लव्हेलला हे इतक्या वेळा शिकवलं होतं की मलाही पाठ आहे. त्याने अगदी तसंच केलं. चिमट्याची मूठ उघडली, चिमटा गवतात पडला. डावा हात मात्र त्याने झाकणावरच ठेवला, कारण झाकण सोडलं की मोठा आवाज होतो हे त्याला ठाऊक होतं. घाबरलेल्या, बंदूक रोखलेल्या माणसासमोर असा आवाज करायचा नसतो, एवढी समज त्याला होती.

"साहेब," तो हळू आवाजात म्हणाला, "हात काढला तर झाकण पडेल. मी आता हळूच—"

गोळी माझ्या झाकणातून आरपार गेली आणि त्याच्या छातीत लागली. तो पडला. त्याचा हात सुटला आणि मी धाडकन मिटलो. शेजाऱ्यांनी पुढे सांगितलं की दोन गोळ्यांचे आवाज ऐकले. दुसरा आवाज माझा होता.

केलरच्या छातीवरचा कॅमेरा चालू नव्हता. लोक धावत आले, फोन काढून चित्रण करू लागले, पण तोवर मी मिटलेला होतो आणि लव्हेल गवतात होता. अर्नेस्टीन चर्चच्या स्वयंपाकघरातून आली ती मक्याच्या पावाचं पीठ हाताला तसंच घेऊन. पोलिसांनी कडं करून तिला अडवलं. तिला वीस पावलांवरून बघावं लागलं. लव्हेल चौतीस वर्षांचा होता.

संध्याकाळी पोलिसांनी टीव्हीवर सांगितलं की तो माणूस लोखंडी हत्यार घेऊन, पिंपाला वळसा घालून शिपायाच्या अंगावर धावून आला. गोळी त्याच्यातून निघून मागच्या उघड्या झाकणाला लागली. मी ते ऐकलं तेव्हा मला वाटलं, बोला काय बोलायचं ते. मी आहे ना! माझं झाकण आपणहून उघडं राहतच नाही. उघड्या झाकणाला भोक आहे, म्हणजे ते कुणीतरी धरलेलं होतं. आणि ज्याचा हात झाकणाला आहे तो त्याच वेळी दुसऱ्याच्या अंगावर धावून कसा जाईल? हे कुणालाही कळेल. फक्त मला एकदा उघडून बघायचं होतं.

पोलीस मला उचलून घेऊन गेले. चार दिवस मी त्यांच्या आवारात उभा होतो, पायाला चिठ्ठी बांधून. फोटो काढले, पट्टी लावून भोक मोजलं, झाकण कुणी उचललं नाही. बुधवारी कॅप्टन बर्चेट स्वतः ट्रक घेऊन आला आणि मला घरी सोडायला निघाला. रस्ताभर तो नाक ओढत होता. मला वाटलं, बघा, शेवटी आपला माणूस.

अर्नेस्टीनच्या मागच्या अंगणात क्लीओफस एकटाच होता. कॅप्टनने मला उतरवलं आणि क्लीओफसच्या खांद्यावर हात ठेवला.

"क्लीओ, शनिवारी दफन आहे. त्यानंतरचं जेवण तुम्ही याच्यावरच करणार ना?"

"दुसऱ्या कशावर करणार? त्याचंच पिंप आहे."

"मग हे भोक मिस अर्नेस्टीनच्या नजरेला पडू देऊ नकोस. आई आहे ती. बुजवून टाक."

क्लीओफस घुटमळला. "आम्ही लावलेली वकीलबाई म्हणाली, कशालाही हात लावू नका."

"वकीलबाईला काय कळतंय? अरे, फोटो झाले, मोजमापं झाली, सगळं कागदावर आलंय. नाहीतर मी ते परत आणलं असतं का? मी कुणी परका आहे?"

"नाही, तसं नाही रे, वेंडेल."

"आणि वेल्डिंगचं मशीन लावशीलच, तर ते मागचं वजनही लावून टाक. किती वर्षं मागे लागला होता पोरगा तुझ्या."

हे शेवटचं वाक्य क्लीओफसच्या वर्मी लागलं. तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. कॅप्टन त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभा होता. मी सगळं ऐकत होतो आणि मला काहीसुद्धा समजलं नाही. वकीलबाईला विचारायला कुणी गेलं नाही. आमच्यात दुःखाच्या घरी आलेल्या माणसाचा शब्द कुणी पडताळून बघत नाही.

क्लीओफसने दुसऱ्या दिवशी भोक बुजवलं. भोकाच्या कडेला लोखंड कसं वाकलं होतं, कुठल्या बाजूला काय चिकटलं होतं, सगळं वितळून एक झालं. वरून त्याने ते घासून इतकं सफाईने मिटवलं की बोट फिरवलं तरी समजू नये. मग मागे वजन म्हणून लोखंडाचा एक जड ठोकळा बसवला. झाकण उघडलं आणि हात काढला. झाकण उभं राहिलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला मेल्याला बरंच वाटलं. क्लीओफस झाकणाकडे बघून म्हणाला, "घे रे बाबा. झालं एकदाचं तुझ्या मनासारखं." त्याच्या चेहऱ्यावर वेल्डिंगचा मुखवटा होता, त्यामुळे पुढचं काही दिसलं नाही.

दफनानंतर अख्खं गाव जेवलं. कॅप्टन पांढरे हातमोजे घालून दाराशी उभा होता, नंतर ते काढून माझ्यापाशी आला आणि दोनदा वाढून घेतलं. करपलेली टोकं घेतली.

त्यानंतरचे दिवस गर्दीचे होते. कुठून कुठून माणसं आली. लव्हेलचा चेहरा छापलेले शर्ट घालून, त्याचं नाव ओरडत, नदीच्या पुलापासून पोलीस ठाण्यापर्यंत लोक रोज चालत. गोरे, काळे, म्हातारे, कॉलेजातले, सगळे. टीव्हीवाल्यांनी माझेही फोटो घेतले. कॅप्टन घरोघर जाऊन सांगायचा, "फुटपाथ सोडू नका. दगड उचलू नका. मला थोडा वेळ द्या, खरं काय ते बाहेर येईल." आणि लोकांनी ऐकलं. उन्हात, घामाने भिजून, फुटपाथवरून चालले. एक काच फुटली नाही. मित्रांनो, इतकी शिस्त मी लग्नाच्या पंगतीतही पाहिली नाही.

मग राज्याकडून तपासाला तीन माणसं आली. एकाकडे कॅमेरा. बरोबर कॅप्टन होता. अर्नेस्टीन, क्लीओफस आणि वकीलबाई एका बाजूला उभे होते. तपासवाल्यांतला मोठा साहेब पुढे झाला, त्याने माझं झाकण उचललं आणि हात काढला.

झाकण उभं राहिलं.

मी काय करणार होतो? लोखंडाला जे केलं जातं ते लोखंड दाखवतं. मी पडायचा प्रयत्न केला असं म्हणालो तर तुम्हाला ते खरं वाटणार नाही, आणि ते खरंही नाही. मी छान, ताठ उभा राहिलो. कॅमेरा चालू होता.

"अहो, ते तसं नव्हतं!" क्लीओफस ओरडला. "ते वजन मी नंतर लावलंय! त्याआधी ते राहायचंच नाही!"

"नंतर म्हणजे कधी?"

"दफनाच्या आधी दोन दिवस."

"आणि भोक?"

"तेही मीच... मला यांनी सांगितलं! कॅप्टनने! विचारा त्याला!"

वकीलबाईने डोळे मिटून घेतले. अर्नेस्टीनने भावाकडे पाहिलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. भोक पोलिसांनीच बुजवून पाठवलं असं ती धरून चालली होती.

साहेब कॅप्टनकडे वळला. "तुम्ही सांगितलंत?"

कॅप्टन पट्ट्यात अंगठे खोवून उभा होता. वाकड्या नखाचं बोट पट्ट्यावर होतं. "भोकाबद्दल एक शब्द बोललो असेन, साहेब. आईला दिसू नये म्हणून. माणुसकीच्या नात्याने."

"आणि झाकण? आधी पडायचं का ते?"

"झाकण?" कॅप्टन म्हणाला. "माझं कधी लक्ष गेलं नाही."

बारा वर्षं माझ्यावर शिजलेलं जेवला तो. बारा वर्षं! माझी सगळी आग तेव्हा विझलेली होती, तरी आतून मी जळत होतो.

वस्तीतल्या वीसजणांनी लेखी जबाब दिले की झाकण पडायचं. ते सगळे लव्हेलच्या ओळखीचे, म्हणून ते जबाब बाजूला ठेवले गेले. ऑगस्टमध्ये सरकारी वकिलाने निर्णयाचा कागद वाचला. झाकण आधाराशिवाय उभं राहतं, असं प्रत्यक्ष पाहणीत दिसून आलं. मृताचा हात झाकणात गुंतलेला नव्हता. शिपायावर खटला भरण्याचं कारण दिसत नाही. केलर दुसऱ्या गावात नोकरीवर रुजू झाला.

दोन दिवस रस्ते पुन्हा भरले. या वेळी कुणी फुटपाथ बघितला नाही. मग पाऊस लागला, टीव्हीवाले दुसऱ्या शहरात दुसऱ्या कुणाच्या तरी दाराशी गेले आणि गर्दी विरत गेली. मला चर्चच्या मागे ढकलून ठेवलं. धुराड्यात गांधीलमाश्यांनी घर केलं, पायांना गंज चढला. लोक मला बघायचं टाळत. खरं सांगायचं तर क्लीओफसलाही टाळत. न्हाव्याकडे तो गेला की बोलणी थांबत. कुणीतरी तोंडावर म्हणालं, "भाच्याचं रक्त स्वतःच्या हाताने पुसलंस की रे." अर्नेस्टीन त्याच्याशी चार महिने बोलली नाही. तो रोज यायचा, मागच्या पायरीवर बसायचा, आणि ती आतून कडी काढायची नाही.

मित्रांनो, दगा फक्त मारून जात नाही. मागे राहिलेल्यांना एकमेकांपासून तोडून जातो. हे मी बघत होतो.

ऑक्टोबरच्या एका सकाळी दोघं माझ्यापाशी आले. पुढे अर्नेस्टीन, मागे खांद्यावर लोखंड कापायचा ग्राइंडर घेऊन क्लीओफस. तो निम्मा झाला होता.

"काढ ते वजन," ती म्हणाली.

"ताई, आता काय उपयोग? त्यांचं सगळं संपलं. आता काढलं तर म्हणतील, पुरावा पुन्हा बदलला."

"म्हणू देत. मला त्यांना नाही दाखवायचं. गावाला दाखवायचंय."

"भोक उघडू परत?"

"नको. ते मिटवलंय हेही गावाला दिसू दे." मग ती म्हणाली, "तुला रडवून ते करवून घेतलं, क्लीओ. मला आधी दिसायला हवं होतं ते. मला इतका राग आला होता की जवळ होता त्याच्यावर काढला."

क्लीओफसने माझ्यामागे गुडघे टेकले. त्याने ग्राइंडर चालू केला. ठिणग्या उडाल्या, वजन गवतात पडलं आणि झाकण धाडकन खाली आलं. दोघंही दचकली.

पुढच्या शनिवारपासून ते मला ट्रकवर घालून पोलीस ठाण्यासमोरच्या फुटपाथवर नेऊ लागले. आग नाही, मांस नाही. सकाळी नऊ वाजता अर्नेस्टीन पहिल्यांदा झाकण उचलून धरायची, दुसऱ्या हातात लव्हेलचा तो चिमटा. हात भरून आला की पुढचा माणूस धरायचा. घोषणा नाहीत, भाषणं नाहीत. पहिल्या शनिवारी अकराजण होते, पाचव्या शनिवारी रांग कोपऱ्याच्या पलीकडे गेली. बसचालक, शाळेतल्या बाई, नदीवरचे हमाल. जो यायचा तो आधी म्हणायचा, "एवढंच?" आणि पाच मिनिटांत त्याचा दंड थरथरायला लागायचा. तेवढ्यात त्याला सगळं कळलेलं असायचं. रस्त्यापलीकडच्या नव्या घरांतली एक बाईही आली. फोन तिनेच केला होता. झाकण धरून ती रडायला लागली तर अर्नेस्टीन म्हणाली, "रडायचं असेल तर आधी झाकण खाली ठेव. बोटं सापडतील."

सातव्या शनिवारी कॅप्टन बर्चेट ठाण्यातून बाहेर आला. त्याने टोपी काढली.

"मिस अर्नेस्टीन, आता पुरे. माणसांना घरी जाऊ द्या."

"रांगेत नंबर लागतो वेंडेल, पण तुला आधी देते. ये."

नाही म्हणायला तोंड उघडलं त्याने, पण एवढे डोळे त्याच्यावर होते. तो आला. तिने त्याच्या डाव्या हाताला झाकण दिलं आणि उजव्या हातात चिमटा. मग ती चालत फिरून माझ्या पलीकडे गेली, केलर उभा होता त्या बाजूला, आणि झाकणावरून त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"आता ये माझ्या अंगावर धावून," ती म्हणाली.

कॅप्टन हलला नाही.

"ये की. पिंपाला वळसा घालून ये. लव्हेल आला ना तसा?"

"मला वाटलं होतं, गाव पेटेल," तो अगदी हळू म्हणाला. "खरं बाहेर आलं असतं तर गाव पेटलं असतं, मिस अर्नेस्टीन. मी गाव वाचवायला बघत होतो."

"आणि माझं घर पेटलेलं तुला चाललं."

त्याचा दंड थरथरायला लागला. त्याने इकडेतिकडे पाहिलं. हात पुढे करून ते ओझं घ्यायला रांगेतला एकही माणूस पुढे आला नाही. क्लीओफस खाली जमिनीकडे बघत होता.

"हे... हे कुठं ठेवू?" कॅप्टनने विचारलं.

"कुठं ठेवणार?" अर्नेस्टीन म्हणाली. "सोडलं की पडतं ते. एवढंच सांगायला हवं होतंस रे तू त्या दिवशी. एवढंच एक वाक्य."

मित्रांनो, केस पुन्हा उघडली नाही. कॅप्टन अजून त्याच खुर्चीवर आहे आणि आम्ही अजून दर शनिवारी जातो. जुन्या वस्तूंची काळजी घ्या, त्यांना घासापुसा, डागडुजी करा, असं माझ्या जातीच्या म्हाताऱ्यांनी शेवटी सांगायचं असतं. मी तुमच्यापाशी उलटं मागणं मागतो. तुमचा माणूस जिथे पडला तिथली वस्तू पुसू नका, बुजवू नका. जवळच्या माणसाने गळ्यात पडून सांगितलं तरी नका. आणि तुम्हाला काही ठाऊक असेल, तर विचारतील तेव्हा बोला. मला तोंड नव्हतं. त्याला होतं.